दुकानाला हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचंय? आधी फाइलमधली दहा वाकडी बिलं काढा

विक्रेत्याच्या डेमोत नेहमी एकच बिल असतं. एक गिऱ्हाईक, एक वस्तू, एक दर, पैसे रोख. ते बिल बाजारातलं कुठलंही सॉफ्टवेअर बिनचूक करतं, फुकटातलंसुद्धा. दुकान मात्र तशा बिलांवर चालत नाही. अर्धा माल परत येतो, उचल चालू असताना दर बदलतो, भाडं वेगळं लागतं, ॲडव्हान्स तीन महिने पडून राहतो. सॉफ्टवेअर अडतं ते तिथे, आणि तोवर पैसे भरलेले असतात, माणूस शिकलेला असतो, सहा महिन्यांचा डेटा आत गेलेला असतो.

म्हणून डेमोला बसण्याआधी गेल्या वर्षाच्या फाइलमधून दहा वाकडी बिलं बाजूला काढा आणि विक्रेत्याला सांगा, तुमचा डेमो राहू द्या, एवढी करून दाखवा. त्याने करून दाखवली की तीच बिलं ट्रायल कॉपीत तुमच्या काउंटरवरच्या मुलाला करायला लावा. माहितीपत्रकातल्या वैशिष्ट्यांची यादी वाचून जे कळत नाही ते या दोन तासांत कळतं.

खालची उदाहरणं तालुक्याच्या गावातल्या बांधकाम साहित्याच्या दुकानाची आहेत. सिमेंट, सळई, पाइप-फिटिंग, रंग, टाइल्स. मालकी एकट्याची नाहीतर भागीदारीत, एक काउंटर, मागे गोडाऊन, उलाढाल दोन-तीन कोटी, नियमित जीएसटी. धंदा दुसरा असेल तर बिलं बदलतील, पद्धत तीच राहील.

कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायच्या योजनेत, असाल (व्यापाऱ्याला मर्यादा दीड कोटी) तर तुमचं काम यातल्या निम्म्यात भागतं. कर वेगळा न दाखवणारं ‘बिल ऑफ सप्लाय’ छापता आलं पाहिजे आणि तिमाही विक्रीचा आकडा मिळाला पाहिजे. उलाढाल पाच कोटींवर गेली असेल तर नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, तेव्हा बिलातूनच आयआरएन (सरकारी पोर्टल त्या बिलाला देतं तो नंबर) आणि क्यूआर कोड आला पाहिजे, पोर्टलवर वेगळं टाइप करत बसणं काउंटरवर जमत नाही. आणि धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. एकट्याच्या मालकीला किंवा भागीदारीला हा नियम लागू नाही, पण ती सोय असलेली बरी. का, ते पुढे येईल.

सळईचं बिल

पहिलं बिल सळईचंच काढा, कारण निम्मी सॉफ्टवेअरं इथेच गळतात. सळई कंपनीकडून किलोत येते, गोडाऊनमध्ये नगात मोजली जाते आणि गिऱ्हाइकाला कधी वजनावर तर कधी नगावर जाते. १२ मिलिमीटर सळईचं पुस्तकी वजन मीटरला ०.८८८ किलो. बारा मीटरचा एक नग म्हणजे साधारण १०.६६ किलो. पण कारखान्यातून येणारी सळई बरोबर तेवढ्याच वजनाची कधीच नसते. मानकातच या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालतं.

आता ५,००० किलो माल आला. पुस्तकी हिशेबाने ४६९ नग. माल तीन टक्के हलका असेल तर प्रत्यक्षात भरतात ४८३. सॉफ्टवेअरमध्ये ‘१ नग = १०.६६ किलो’ असं एकदाच कायमचं बसवलेलं असेल तर ४६९ नग विकल्यावर साठा शून्य दिसतो आणि गोडाऊनमध्ये चौदा नग उभे असतात. माल जड निघाला तर उलट होतं: पडद्यावर साठा आहे, कोपऱ्यात काही नाही. मग मुलगा उणे साठ्यात बिल काढतो आणि वर्षअखेरीला मालसाठ्याचा आकडा अंदाजाने लिहिला जातो.

तेव्हा विचारायचं ते असं: एका वस्तूला दोन एककं ठेवता येतात का, आणि प्रत्येक खरेदी-विक्रीत दोन्ही आकडे वेगवेगळे टाकता येतात का? डझन-नग किंवा पेटी-नग अशी ठरावीक पट सगळेच देतात. त्या नोंदीपुरती पट बदलता येणं ही वेगळी गोष्ट आहे. विक्रेता ‘हो, दोन युनिट आहेत’ एवढंच म्हणेल. त्याला वजनकाट्याची पावती हातात द्या आणि ५,००० किलो, ४८३ नग अशी खरेदी चढवायला लावा. नंतर १०० नग विकून दोन्ही साठे बघा.

टाइल्सलाही हेच, फक्त जरा सौम्य. दोन बाय दोनच्या चार टाइल्सची पेटी बोलताना सोळा चौरस फूट, पण टाइल ६०० मिलिमीटरची असल्याने खरं क्षेत्र साडेपंधरा. कोटेशन फुटावर, बिल पेटीवर, परत आलेला माल सुट्या नगावर. तिन्ही एककांत ती वस्तू फिरते का, बघा. शिवाय तुमचं प्रत्येक एकक जीएसटीच्या ठरलेल्या एककाशी जोडता आलं पाहिजे, कारण विवरणातल्या एचएसएनच्या (मालाच्या प्रकाराचा सरकारी कोड) गोषवाऱ्यात ‘लेन्थ’ असलं घरगुती काही चालत नाही.

रंगाच्या मशिनचं मात्र फार मनावर घेऊ नका. बेसमध्ये किती मिलिलिटर कलरंट गेला याचा प्रत्येक डब्यामागे हिशेब ठेवायला काही जण उत्पादनाचं मॉड्यूल घेतात आणि दोन महिन्यांत सोडून देतात. बेसचा डबा साठ्यात ठेवा, कलरंटचे कॅन उघडले की खर्ची टाका. एवढ्या मालाला तेवढं पुरे.

भाडं, हमाली आणि दर बदलण्याची तारीख

दुसरं बिल असं काढा ज्यात वेगवेगळ्या दराचा माल आहे आणि खाली भाडं लावलंय. समजा सिमेंट २०,००० रुपयांचं (१८ टक्के), वाळू १०,००० ची (५ टक्के), टेम्पोचं भाडं १,५००. विकणाऱ्यानेच माल पोचवून त्याच बिलात भाडं लावलं तर ते मालाच्या किमतीचाच भाग धरलं जातं आणि मालाचाच दर त्याला लागतो. दोन दर असतील तर किमतीच्या प्रमाणात वाटायची सर्वसाधारण रीत आहे: १,००० सिमेंटकडे, ५०० वाळूकडे. कर झाला २१,००० वर ३,७८० आणि १०,५०० वर ५२५. बिल ३५,८०५.

बरीच बिलिंग ॲप भाडं करानंतर बेरजेत टाकतात. त्यांचं बिल होतं ३५,६००. फरक २०५ रुपयांचा. रोज दहा गाड्या जात असतील तर वर्षाला किती होतात ते काढून बघा. गिऱ्हाइकाकडून न घेतलेला हा कर तपासणीत तुमच्या खिशातून जातो. म्हणून ‘इतर आकार’ करपात्र रकमेत, प्रमाणात वाटले जातात का, हे याच आकड्यांनी तपासा.

तिसरं बिल दरबदलाचं. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या दराला ‘अमुक तारखेपासून’ असा रकाना असतो. जुना दर तसाच राहतो, नवा तारखेनुसार लागतो. ज्यात तो नाही तिथे दर बदलला की जुनं बिल नुसतं उघडून पुन्हा सेव्ह केलं तरी त्यावर नवा कर बसतो. ट्रायलमध्ये २० सप्टेंबर २०२५ च्या तारखेचं सिमेंटचं बिल करा, मग २५ तारखेचं करा, मग पहिल्याची क्रेडिट नोट काढा. क्रेडिट नोटला २८ टक्केच लागले पाहिजेत, कारण ती मूळ बिलाच्या मागे जाते. क्रेडिट नोट काढताना मूळ बिल निवडायला लावणारं सॉफ्टवेअर इथे आपोआप बरोबर येतं.

करासकट भाव सांगून विकत असाल तर चौथं बिल तेही घ्या. पोतं ३६० ला, ५० पोती, १८,००० झाले. सॉफ्टवेअर आधी एका पोत्याचा दर ३०५.०८ असा तोडून मग पन्नासने गुणत असेल तर बेरीज १७,९९९.७२ येते. पूर्ण रकमेतून कर मागे काढत असेल तर बरोबर अठरा हजार. अठ्ठावीस पैसे राउंड ऑफला जातील, बिघडत काही नाही, पण गिऱ्हाइकासमोर ‘हे अठ्ठावीस पैसे कुठले’ हा संवाद दिवसातून वीसदा कशाला?

उधारी, ॲडव्हान्स आणि निप्पाणीचं गिऱ्हाईक

कॉन्ट्रॅक्टरने पन्नास हजार आधी दिले आणि पाच वेळा माल उचलला. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही (नोव्हेंबर २०१७ पासून, सेवेचा ॲडव्हान्स मात्र वेगळा). तेव्हा पावती करताना सॉफ्टवेअर त्यावर कर काढायला बसत नाही ना, ते बघा. नंतर तेच पैसे एकेका बिलापोटी वळते करता आले पाहिजेत. ‘बिलवार’ येणी नसतील तर खात्यावर एकच बाकी दिसते, आणि कुठलं बिल नव्वद दिवसांवर गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. वसुलीला निघालेल्या माणसाच्या हातात बिल नंबर, तारीख, दिवस आणि साइटचं नाव असलेली यादी लागते. ‘तुमची बाकी एवढी’ म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, बघून सांगतो.

साइटचं नाव हा भाग विसरू नका. एकाच कॉन्ट्रॅक्टरच्या तीन साइट असतात आणि प्रत्येक घरमालक आपापले पैसे देतो. एका पार्टीखाली साइटवार उपखाती किंवा कॉस्ट सेंटर ठेवता येत नसेल तर शेवटी एकाच माणसाची तीन खाती उघडली जातात.

महिनाभर चिठ्ठ्यांवर माल देऊन शेवटी एकच बिल करायची सवय असेल तर तीही आत्ताच मोडा. माल दुकानातून निघताना किंवा त्याआधी बिल व्हायला हवं, असा नियम आहे. प्रत्येक उचलीचं बिल आणि महिन्याला खात्याचा उतारा, अशी घडी बसवा. त्यासाठी बिल अर्ध्या मिनिटात झालं पाहिजे, आणि ते किबोर्डवर किती, माउसवर किती होतं हे ट्रायलमध्ये घड्याळ लावून बघण्यासारखं आहे. गर्दीच्या वेळी माउस शोधावा लागणारं सॉफ्टवेअर म्हणजे परत चिठ्ठ्या.

पैसे येण्याचं एक बिल जरूर घ्या: थोडे रोख, थोडे यूपीआय, बाकी उधार. यूपीआयचे पैसे दुकानाच्या क्यूआरला दिवसभर सुटे येतात, पण सेवा कंपनी बहुधा दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा बँकेत टाकते. बिलातले यूपीआय थेट बँक खात्याला लावले की बँकेचा मेळ कधीच बसत नाही. ‘यूपीआय येणे’ असं मधलं खातं ठेवायचं, बिलं तिथे पडायची आणि गठ्ठा आला की तो तिथून बँकेत वळवायचा. रोज गठ्ठा आल्यावर हे मधलं खातं आदल्या दिवसापुरतं शून्यावर येत असेल तर सगळं ठीक.

घर बांधणारा कधी सळईचे दोन लाख चाळीस हजार रोख आणून ठेवतो. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. बिलाचे तुकडे केले तरी सुटका नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. काही सॉफ्टवेअरं अशा पावतीवर इशारा देतात. देत नसेल तर मुलाला पाठ करायला लावा.

सीमेवरच्या दुकानांसाठी आणखी एक. कागलच्या काउंटरवर निप्पाणीचा माणूस येतो, जीएसटी नंबर नसलेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा गिऱ्हाइकाचा बिलावर लिहिलेला पत्ता पुरवठ्याचं ठिकाण ठरवतो, नुसतं राज्याचं नाव लिहिलेलं असलं तरी. बिलावर कर्नाटक लिहिलं की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर), पत्ता लिहिलाच नाही तर दुकानाचं ठिकाण, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी. सॉफ्टवेअरने राज्य बदलताक्षणी कर बदलला पाहिजे. आणि असं परराज्यातलं एक लाखावरचं बिल विवरणात स्वतंत्र ओळीत गेलं पाहिजे. ही मर्यादा पूर्वी अडीच लाख होती, ऑगस्ट २०२४ पासून एक लाख आहे. जुनं, अपडेट न केलेलं सॉफ्टवेअर ओळखायची ही सोपी खूण.

ई-वे बिलाचंही (गाडीतल्या मालासोबत लागणारा पोर्टलवरचा परवाना) तसंच: राज्याबाहेर पन्नास हजारांवर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर, रक्कम करासकट धरून. मर्यादा स्वतः बसवता आली पाहिजे.

खरेदीची बाजू

विक्रीच्या डेमोत वेळ जातो आणि खरेदी बघायची राहून जाते. पैसा मात्र तिथे अडकतो, कारण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी) जे बिल दिसत नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही. पोर्टलवरची फाइल आत घेऊन खरेदीशी जुळवणी करणारं सॉफ्टवेअर घ्याच. त्यात एक खाच आहे. पुरवठादार बिल नंबर ‘०४५/२५-२६’ असा भरतो, तुमचा मुलगा ‘४५’ एवढाच टाकतो, आणि जुळवणीत दोन्ही ‘सापडलं नाही’ म्हणून येतात. जीएसटी नंबर, तारीख आणि रक्कम धरून ‘बहुधा हेच’ असं सुचवणारी सोय असली तर महिन्याचा एक दिवस वाचतो.

पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून देण्यांचीही दिवसवार यादी हवी. सिमेंटचे ब्लॉक, दरवाजे, ग्रिल बनवणारे छोटे उत्पादक उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असतील तर त्यांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत उलटून मार्चअखेर बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरली जात नाही. हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांपुरतं आहे, दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला लागू नाही. पार्टीच्या माहितीत ‘सूक्ष्म / लघु / व्यापारी’ अशी खूण ठेवता आली तर सीएला मार्चमध्ये फोन करत बसावं लागत नाही.

आणि दहावं बिल कंपनीच्या स्कीमचं. वर्षभराच्या उचलीवर कंपनी नुसती रकमेची क्रेडिट नोट देते, जीएसटीशिवाय. ती माल परत केल्यासारखी चढवली की साठाही कमी होतो आणि क्रेडिटही. ती जर्नलने (माल न हलवता फक्त खात्यांत केलेली नोंद) ‘मिळालेली सूट’ म्हणूनच गेली पाहिजे. बिलिंग ॲपमध्ये जर्नल नोंदच नसते, असं पुष्कळदा निघतं.

बिलिंग ॲप आणि हिशेब

त्यावरूनच मोठा प्रश्न येतो. मोबाइलवरचं बिल करणारं ॲप म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्हे. त्यात भांडवल खातं, मालकाची उचल, कर्जाचा हप्ता व्याज आणि मुद्दल असा तोडून, टेम्पोचा घसारा, हे सगळं बसून ताळेबंद निघतो का? निघत नसेल तर वर्षअखेरीला सीएकडचा मुलगा तुमची सगळी बिलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा चढवणार, आणि त्याची फी तुम्हीच देणार. उलाढाल लहान असेल, उधारी नसेल तर हरकत नाही. उधारी आली की पूर्ण दुहेरी नोंद हवी.

नावं घ्यायची तर: टॅलीच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तालुक्याच्या गावातही ते येणारा माणूस मिळतो आणि सीएकडे तेच असतं. एफ८ विक्री, एफ९ खरेदी, एफ५ देणं, एफ६ येणं, एवढं बोटांत बसलं की हात थांबत नाही. दोन जणांनी एकाच वेळी बसायचं असेल तर एकट्याचं सिल्व्हर पुरत नाही, गोल्ड लागतं. बिझी मालसाठ्याच्या बाजूने तगडं आहे. ‘मार्ग’ हे सॉफ्टवेअर औषधांच्या घाऊक व्यापारात रुजलंय, बॅच आणि एक्स्पायरीच्या धंद्याला ते बघावंच. ‘व्यापार’ हे ॲप काउंटरवर शिकायला सोपं आहे आणि मोबाइलवर चालतं. झोहो बुक्स ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे मालक पुण्यात आणि दुकान गावात असेल तर सोयीचं, पण दिवसातून चार वेळा नेट जाणाऱ्या गावात काउंटरवर ते एकटं ठेवू नये. या दुकानासाठी पहिली ट्रायल टॅली आणि बिझीची घ्यावी असं माझं मत. पण सीए कुठली फाइल घेतो ते आधी विचारा, ते उत्तर निम्मा निकाल लावतं.

क्रॅक केलेली कॉपी ‘फुकट बसवून देतो’ म्हणणारा प्रत्येक गावात असतो. मे २०२५ पासून विवरणात एचएसएनचा गोषवारा नोंदणीकृत आणि बिगरनोंदणीकृत गिऱ्हाइकांचा वेगळा द्यावा लागतो. पोर्टल असं वरचेवर बदलतं आणि क्रॅक कॉपी जिथल्या तिथे राहते.

किंमत विचारताना पहिल्या वर्षाची नको, पाच वर्षांची मागा, कागदावर. परवाना, दरवर्षीचं अपडेट, दुसऱ्या माणसाचा आकार, बिलाचा नमुना बदलून देण्याचे पैसे, ई-इन्व्हॉइस आणि व्हॉट्सॲप संदेशांचे आकार, घरी येऊन दुरुस्तीचा आकार. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारं तिसऱ्या वर्षी महाग झालेलं असतं. अपडेट भरलं नाही तर काय बंद पडतं, हेही विचारा: नुसत्या नव्या सोयी, की जुना डेटा बघणंसुद्धा?

मराठी बिल आणि छपाई

वस्तूंची नावं मराठीत छापायची असतील तर युनिकोड चालतं का ते प्रिंट काढूनच बघा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये खिचडी होऊन येते, ती आधी बदलून घ्यावी लागते. नावाला पर्यायी नाव ठेवायची सोय फार कामाची: प्लंबर ‘एल्बो पाऊण’ म्हणतो, कंपनीच्या यादीत भलतंच असतं. थर्मल रोलवरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला ते वर्षानुवर्षं जपायचं असतं, म्हणून त्याला साध्या कागदावर छापून द्या आणि सोबत पीडीएफ पाठवा.

कुलूप कोणाकडे

जुलै २०२५ च्या विवरणापासून जीएसटीआर-३बी (कर भरायचं विवरण) मधली विक्रीवरच्या कराची रक्कम हाताने बदलता येत नाही, ती जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) मधून येते. चूक असेल तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून सुधारायची. त्यामुळे जीएसटीआर-१ गेल्यावर (मासिक असेल तर ११ तारीख, तिमाही असेल तर १३) त्या काळाला कुलूप लावता आलं पाहिजे. कुलूप नसेल तर कोणीतरी मागच्या महिन्याचं बिल ‘जरा दुरुस्त’ करतो आणि पुस्तक एक, पोर्टल दुसरं.

काउंटरवरच्या लॉगिनला बिल खोडायचा हक्क नको, रद्द करायचा असू द्या. बिल नंबर वर्षभर सलग हवेत, एक नंबर सोळा अक्षरांच्या आत, आणि विवरणात किती बिलं काढली, किती रद्द केली हे सांगावं लागतं. रद्द केलेलं बिल तिथे दिसतं, खोडलेलं बिल भोक ठेवून जातं. कंपन्यांसाठीच्या ‘बदलाच्या नोंदी’चा उपयोग इथे छोट्या दुकानालाही होतो: संध्याकाळी रोकड कमी भरली तर दुपारी कोणतं रोख बिल उधारीत गेलं हे कळतं.

बॅकअप रोज, दोन ठिकाणी, त्यातलं एक दुकानाबाहेर. संगणकाला कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातात. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून तेरजेची (ट्रायल बॅलन्स) बेरीज जुळते का बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नये.

बदलायचं कसं

१ एप्रिलला बदलणं सगळ्यात सोपं. जुन्यातली सगळी बिलं नव्यात आणायच्या फंदात पडू नका. ३१ मार्चची तेरीज, बिलवार येणी-देणी, मोजलेला माल किमतीसह, आणि पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरशी जुळलेली जीएसटीची बाकी, एवढंच आणा. येणी एकरकमी आणलीत तर बिलवार यादी पहिल्याच दिवशी निकामी होते. सगळं भरल्यावर ‘ओपनिंगमधला फरक’ शून्य असला पाहिजे. शंभर रुपयांचा फरकसुद्धा ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका, तो बहुधा दोन मोठ्या चुकांमधला उरलेला असतो. वर्षाच्या मध्ये बदलत असाल तर बिलांना नवी अक्षरमालिका द्या, म्हणजे एकच नंबर दोनदा जाणार नाही.

जीएसटी नंबर एकेक करून पोर्टलवर तपासूनच चढवा, आणि एचएसएन कंपनीच्या बिलावरून उतरवा: सिमेंट २५२३, सळई ७२१४, पीव्हीसी पाइप ३९१७, टाइल्स ६९०७. पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलावर चार आकडे पुरतात, पुढे सहा.

खरेदीच्या आदल्या दिवशी आणखी एक चाचणी करा, उलट्या बाजूची. ट्रायलमधली तुमची दहा बिलं, पार्ट्यांची यादी आणि साठा एक्सेलमध्ये बाहेर काढा. बिल नंबर, जीएसटी नंबर, वस्तू, प्रमाण, दर आणि कर वेगवेगळ्या रकान्यांत आले तर ठीक. नुसती पीडीएफ मिळत असेल तर उद्या हे सोडून जाताना डेटा इथेच राहणार.

जुनं सॉफ्टवेअर लगेच काढून टाकू नका. जीएसटीची पुस्तकं वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. २०२५-२६ साठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे पुस्तकं ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत. तोवर जुना डेटा उघडणारा एक संगणक चालू हवा, परवान्याची चावी आणि पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत, आणि सोबत खतावणी, विक्री-खरेदी रजिस्टर व साठ्याची पीडीएफ वर्षवार काढून ठेवलेली.